घर ओळखणारी आग

जपानी भाषेत काजव्याला ‘होतारू’ म्हणतात. हा शब्द लिहिण्यासाठी त्या भाषेत सर्वांच्या परिचयाचे एक स्वतंत्र चिन्हाक्षर आहे. अकियुकी नोसाका या लेखकाने १९६७ मध्ये ‘होतारू नो हाका’, म्हणजे ‘काजव्यांचे थडगे’, ही कथा लिहिली, तेव्हा त्याने ते अक्षर बाजूला ठेवले. उच्चार तोच राखून त्याने दोन निराळी चिन्हे जुळवली : एक ‘आग’ आणि दुसरे ‘लोंबणे, खाली ओघळणे’. कानाला काजवा ऐकू येतो आणि डोळ्याला आभाळातून ओघळणारी आग दिसते. अनुवादात हा श्लेष हरवतो. मराठीतही तो आणता येणार नाही. परंतु कथेचा आणि तिच्यावरून इसाओ ताकाहाता यांनी १९८८ मध्ये केलेल्या चित्रपटाचा सारा आशय त्या दोन चिन्हांत साठवलेला आहे, असे मला वाटते.

हा चित्रपट हाताने रंगवलेल्या चित्रांचा आहे. आमच्या घरी नातवंडांनी तो ‘कार्टून’ म्हणून लावला आणि मीही त्यांच्याबरोबर पाहायला बसलो. पहिल्या पाच मिनिटांतच घर गप्प झाले. सप्टेंबर १९४५. कोबे शहरातील सान्नोमिया रेल्वे स्थानकाच्या खांबाला टेकून एक मुलगा उपासमारीने मरतो आहे, आणि आपण कोणत्या रात्री मेलो हे तोच आपल्याला सांगतो आहे. सफाई कामगाराला त्याच्याजवळ गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा सापडतो. तो डबा बाहेरच्या अंधारात भिरकावला जातो. त्यातून हाडांचे तुकडे सांडतात आणि गवतातून काजवे उठतात. ती हाडे मुलाच्या चार वर्षांच्या बहिणीची, सेत्सुकोची. मुलाचे नाव सेइता, वय चौदा. शेवट असा आरंभीच सांगून टाकल्यावर प्रेक्षकाला ‘पुढे काय होणार’ ही उत्कंठा उरत नाही. ‘हे कसे झाले’ एवढेच पाहणे त्याच्या हाती राहते, आणि दिग्दर्शकाला तेच हवे आहे.

कसे झाले, याचे उत्तर ५ जून १९४५ च्या हल्ल्यापासून सुरू होते. सेइता अंगणात खड्डा खणून अन्नधान्य पुरतो, हृदयविकार असलेल्या आईला पुढे आश्रयस्थानाकडे पाठवतो, बहिणीला पाठीशी बांधतो. तो बाहेर पडतो न पडतो तोच आभाळातून नळकांडी बरसू लागतात. ती पडताच फुटत नाहीत. रस्त्यावर, छपरावर, गटारात खडखडत येऊन क्षणभर निपचित पडतात आणि मग त्यांतून पेटलेला चिकट द्रव उसळतो. सामान्य युद्धपटांत बॉम्ब म्हणजे मोठा आवाज आणि उडणारी माती. ताकाहातांनी तो क्षणभराचा थांबा दाखवला, कारण त्यांना तो ठाऊक होता. २९ जून १९४५ रोजी ओकायामा शहरावर असाच हल्ला झाला, तेव्हा नऊ वर्षांचे ताकाहाता आपल्या एका बहिणीबरोबर जळत्या रस्त्यांतून पळाले होते.

त्या नळकांड्याचे लष्करी नाव एम-६९. वजन सुमारे ६ पौंड. अशी ३८ नळकांडी एका मोठ्या पेटाऱ्यात बांधलेली असत. पेटारा हवेतच सुटे, आणि प्रत्येक नळकांड्यामागे कापडाची शेपटी फडफडत राही. तिच्यामुळे त्याचा वेग कमी होई, म्हणजे ते छप्पर फोडून आत शिरे, परंतु जमिनीत रुतून वाया जात नसे. त्यानंतर तीन ते पाच सेकंदांचा अवकाश, आणि मग आतला नापाम बाहेर फेकला जाई. नापाम म्हणजे विशिष्ट प्रकारच्या साबणाने घट्ट केलेले पेट्रोल. ते चिकटते, झटकल्याने सुटत नाही, आणि जिथे चिकटते तिथेच जळत राहते. हार्वर्ड विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ लुई फीझर यांनी ते १९४२ मध्ये तयार केले.

या शस्त्राच्या इतिहासातील एक प्रकरण मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण चित्रपटाचे मर्म मला तिथेच गवसले. १९४३ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील डगवे येथील वाळवंटात सैन्याने एक ‘जपानी गाव’ उभारले. गावात माणूस एकही नव्हता. होती ती फक्त कामगारवस्तीतली घरे. लाकूड जपानी पद्धतीने जोडलेले, आत तातामीच्या चटया, बसकी मेजे, गाद्या. ती घरे पुनःपुन्हा जाळायची, विझवायची, दुरुस्त करायची आणि परत जाळायची. कोणता बॉम्ब किती वेळात घर आवाक्याबाहेर पेटवतो, याची मोजदाद व्हायची. एम-६९ या परीक्षेत सर्वांत सरस ठरला.

या घरांचा आराखडा करणारा वास्तुशिल्पी अँटोनिन रेमंड. १९१९ च्या अखेरीस तो फ्रँक लॉइड राइट यांच्यासोबत जपानला गेला आणि पुढे बरीच वर्षे तिथे राहिला. जपानी सुतारकामावर त्याचे अतोनात प्रेम होते. कारुइझावा येथील संत पौलाचे लाकडी कॅथलिक मंदिर त्याने १९३५ मध्ये बांधले. आपल्या देशातही त्याचे काम आहे : पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमाची ‘गोलकोंडा’ ही सुंदर निवासवास्तू त्याचीच. तातामीची लांबी-रुंदी, भिंतीची जाडी, घरात वारा कुठून खेळतो आणि कुठे कोंडतो, हे सारे त्याला प्रेमातून ठाऊक झालेले होते. ते सारे ज्ञान त्याने जाळण्यासाठी दिले. हे काम आपल्याला आणि पत्नीला सोपे गेले नाही, अशा आशयाचे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे, आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. युद्ध लवकर संपावे, हीच त्याची धारणा होती. युद्धानंतर तो जपानला परतला. तोक्योतील मेगुरो येथे १९५० च्या दशकात त्याने संत अन्सेल्म मंदिर बांधले. त्याच्या काँक्रीटच्या भिंती घड्या घातल्यासारख्या दुमडत जातात आणि त्या घड्यांमधून प्रकाश वेदीकडे येतो. ते प्रायश्चित्त होते, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता पुन्हा चित्रपटाकडे वळू. ताकाहातांची चित्रशैली घराच्या तपशिलात रमते : मच्छरदाणीच्या दोऱ्या, भाताच्या पेजेतील तळाशी बसलेली शिते, सरकत्या दारावरची सावली, आईच्या किमोनोची घडी. पात्रांच्या बाह्यरेषा नेहमीच्या काळ्या रंगाऐवजी तपकिरी ठेवल्यामुळे चेहरे व वस्तू एकमेकांत मऊपणे मिसळतात. काही समीक्षकांना हा तपशील भावुक वाटतो. मला तो डगवेच्या गावाला दिलेले उत्तर वाटतो, मग दिग्दर्शकाच्या मनात ते गाव असो वा नसो. तीच चटई, तेच बसके मेज, तीच गादी. एका ठिकाणी ती मोजली गेली, कारण ती किती लवकर पेटते हे हवे होते. दुसऱ्या ठिकाणी ती रेखाटली गेली, कारण तिच्यावर कोण झोपत असे हे सांगायचे होते. लक्षपूर्वक पाहणे हा आपण नेहमी सद्गुण मानतो. या दोन पाहण्यांत फरक करायला मात्र आपण शिकलेलो नाही.

म्हणूनच दाहक शस्त्रांविषयी बोलताना ‘युद्धात नागरिक मरतातच’ हे वाक्य मला अपुरे वाटते. मार्ग चुकलेल्या तोफगोळ्याविषयी ते एकवेळ चालेल. ज्या शस्त्राची परीक्षाच निजायच्या गादीवर घेतली गेली, त्याच्या बाबतीत गादीवर निजलेले मूल हा अपघात कसा म्हणायचा? ९ मार्च १९४५ च्या रात्री तीनशेहून अधिक विमाने तोक्योकडे निघाली. पहाटेपर्यंत सुमारे १६ चौरस मैलांचा दाट वस्तीचा भाग राख झाला आणि एक लाखाच्या आसपास माणसे मेली. पुढच्या पाच महिन्यांत साठहून अधिक जपानी शहरे अशी जाळली गेली. कोबे त्यांतले एक.

हा प्रश्न त्याच काळात एका कॅथलिक धर्मगुरूने विचारला होता, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. अमेरिकेतील येशुसंघीय फादर जॉन फोर्ड हे नैतिक ईशज्ञानाचे प्राध्यापक. सप्टेंबर १९४४ मध्ये, म्हणजे तोक्यो जळण्याच्या सहा महिने आधी, ‘थिऑलॉजिकल स्टडीज’ या नियतकालिकात त्यांनी शहरे सरसकट नष्ट करणाऱ्या बॉम्बफेकीच्या नीतीवर दीर्घ लेख लिहिला. स्वतःच्याच देशाचे सैन्य जिंकत असताना, जर्मन शहरांवरील मित्रराष्ट्रांच्या हल्ल्यांविषयी तो होता. नीतिशास्त्रात दुहेरी परिणामाचे एक जुने तत्त्व आहे : एकाच कृतीचे चांगले व वाईट असे दोन परिणाम होत असतील, आणि वाईट परिणाम आपण इच्छिलेला नसून केवळ सोसलेला असेल, तर पुरेशा गंभीर कारणासाठी ती कृती क्षम्य ठरू शकते. बॉम्बफेकीचे समर्थक याच तत्त्वाचा आधार घेत. फोर्ड म्हणतात की जिथे अख्खी वस्ती हेच लक्ष्य नेमून दिलेले आहे, जिथे नागरिकांचे मनोधैर्य खचवणे हाच हेतू आहे, तिथे मेलेल्या नागरिकांना अनिच्छित परिणाम म्हणता येत नाही.

त्या लेखातील सर्वांत विलक्षण भाग म्हणजे एक यादी. आधुनिक युद्धात सगळेच लढवय्ये असतात, निरपराध असा कुणी उरतच नाही, हा युक्तिवाद तेव्हा जोरात होता. फोर्ड यांनी त्याला व्याख्येने उत्तर दिले नाही. शहरात कोण कोण राहते, त्यांचे व्यवसाय त्यांनी एकामागोमाग एक मांडले आणि विचारले, यांपैकी कुणाला मारण्याचा अधिकार तुम्हाला आहे? ती लांबलचक यादी वाचताना उत्पत्तीच्या पुस्तकातील अब्राहामाची आठवण होते. सदोमासाठी तो परमेश्वराशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? आणि तो थेट दहापर्यंत खाली येतो. एका वर्षापूर्वीच, जुलै १९४३ मध्ये, ब्रिटिश व अमेरिकी विमानांनी हाम्बुर्ग शहर जाळले होते, आणि त्यात तीस हजारांहून अधिक लोक मेले होते. त्या मोहिमेला सेनापतींनी नाव दिले होते ‘गमोरा’. बायबलमधून नाव उचलताना त्यांनी आगीचा अध्याय घेतला. त्याच्या आधीचा, घासाघिशीचा अध्याय मात्र त्यांना आठवला नाही. पुढे १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘गाउदिउम एत स्पेस’ या दस्तऐवजात संपूर्ण शहरांचा रहिवाशांसह सरसकट विध्वंस हा देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध अपराध ठरवून त्याचा निःसंदिग्ध धिक्कार केला. तोवर जपानमधील राख वीस वर्षे थंड झालेली होती, आणि व्हिएतनाममध्ये नापाम पडू लागला होता.

चित्रपट पाहून झाल्यावर आमच्या घरात सगळ्यांचा राग निघाला तो मावशीवर. निशिनोमियाला राहणारी ही नातेवाईक बाई अनाथ मुलांना आसरा देते, त्यांच्या आईचे किमोनो विकून तांदूळ आणते आणि मग त्याच तांदळाचा हिशेब मुलांना ऐकवते. कामावर जाणाऱ्यांना भात, या दोघांना पेज. शेवटी मुले तिचे घर सोडून तळ्याकाठच्या एका ओसाड भुयारात राहू लागतात आणि तिथे उपासाने खंगतात. माझ्या सुनेने तर तिला राक्षसीणच म्हटले. मी त्या वेळी काही बोललो नाही, परंतु नंतर मनात आले की मावशी आपल्याला ओळखीची आहे म्हणून तिचा राग येतो. टंचाईच्या दिवसांत पातेल्याचा तळ खरवडणारी अशी बाई प्रत्येक कुटुंबाच्या आठवणीत असते. विमानांना मात्र या चित्रपटात चेहराच नाही. ती उंचावर चकाकतात, सुंदर दिसतात, निघून जातात. नापामची खरी किंमत इथे मोजलेली आहे. आगीने आई मारली. त्यानंतर आग विझली आणि उरलेल्यांना एकमेकांशी निष्ठुर व्हावे लागले. सेइता हवाई हल्ल्यांच्या वेळी ओस पडलेल्या घरांत शिरून चोऱ्या करतो, आणि एका प्रसंगी तर डोक्यावरून जाणाऱ्या विमानांकडे पाहून आनंदाने ओरडतो. ज्यांनी आई जाळली, त्यांचेच आता त्याला स्वागत वाटते. मला हा चित्रपटातील सर्वांत भयंकर क्षण वाटतो, सेत्सुकोच्या मृत्यूपेक्षाही.

हा क्षण लेखकाला कुठून सुचला, हे शोधताना आपण नोसाकांच्या स्वतःच्या आयुष्यापाशी पोहोचतो. ५ जूनच्या हल्ल्यात चौदा वर्षांच्या नोसाकांचे घर जळाले आणि त्यांना दत्तक घेतलेले वडील मृत्युमुखी पडले. जेमतेम दीड वर्षाची धाकटी बहीण त्यांच्या हवाली झाली, आणि युद्ध संपल्यानंतर काही दिवसांतच ती उपासमारीने मेली. कथेतला सेइता बहिणीसाठी चोरी करतो, मार खातो, स्वतः उपाशी राहतो. नोसाकांनी पुढे स्पष्टपणे सांगितले की आपण तसे नव्हतो. बहिणीच्या वाट्याचे अन्न आपण खाल्ले. ती रडू लागली की तिला मारले. कथेतला भाऊ हा आपण व्हायला हवा होतो असा भाऊ आहे.

आपण कॅथलिक लोक पापनिवेदनाच्या चौकटीत वाढलेलो असल्याने ही कबुली आपल्याला अधिक बोचावी. कारण या साऱ्या प्रकरणात गुडघे टेकले कुणी? भुकेल्या चौदा वर्षांच्या मुलाने. फीझर यांनी, आपण केवळ शोध लावला म्हणून त्याच्या वापराचा नैतिक निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशी भूमिका घेतली. जपानी शहरे जाळण्याची मोहीम चालवणारे जनरल कर्टिस लेमे यांना १९६४ मध्ये खुद्द जपान सरकारने उच्च सन्मान दिला. आपण हरलो असतो तर आपल्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटला भरला असता, असे लेमे म्हणत, ही आठवण त्यांच्या हाताखाली काम केलेले रॉबर्ट मॅक्नामारा यांनी २००३ च्या एका माहितीपटात सांगितली आहे. अपवाद आहे तो फादर जॉर्ज झाबेल्का यांचा. टिनियन बेटावर ते अणुबॉम्ब टाकणाऱ्या तुकडीचे धर्मगुरू होते. आगलावे बॉम्ब घेऊन जाणारी विमानेही त्याच बेटावरून सुटत. नागरिकांच्या हत्येविरुद्ध आपण एकही प्रवचन केले नाही, ही त्यांची उतारवयातील जाहीर कबुली. त्यांचा हात कुठल्याही कळीवर नव्हता, तरीही त्यांनी ती दिली.

चित्रपटाची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. सेइताचे वडील नौदल अधिकारी आहेत. मुलाला त्यांच्या गणवेशाचा अभिमान आहे, आरमाराची गाणी त्याला पाठ आहेत, आणि दिग्दर्शक त्या अभिमानाकडे हळुवारपणे पाहतो. परंतु ३ आणि ४ मे १९३९ रोजी जपानी नौदलाच्याच विमानांनी चीनमधील चोंगचिंग शहरावर आगलावे बॉम्ब टाकले होते. लाकडा-बांबूच्या घरांची ती दाट वस्ती पेटली आणि चार हजारांहून अधिक लोक मेले. तिथेही भाऊ होते, बहिणी होत्या. या चित्रपटाच्या आभाळात चोंगचिंगचा धूर कुठेही दिसत नाही. हा युद्धविरोधी चित्रपट नव्हे, असे ताकाहाता पुनःपुन्हा सांगत. आपले हाल दाखवल्याने युद्ध थांबत नाही, कारण युद्ध सुरू करणारेही असे हाल पुन्हा होऊ नयेत म्हणूनच ते सुरू करतो असे म्हणतात, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही नौदलाचा गणवेश दाखवून त्याच्या मागचे न दाखवणे ही उणीव मला जाणवते, आणि चित्रपट आवडतो म्हणून ती झाकावी असे वाटत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात. १९८० मध्ये पारंपरिक शस्त्रांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात दाहक शस्त्रांसाठी तिसरा मसुदा जोडला गेला. भारताने १९८४ मध्ये त्याला मान्यता दिली. नागरी वस्तीतील लक्ष्यांवर विमानातून दाहक शस्त्रे टाकण्यास त्याने मनाई केली. जमिनीवरून डागलेल्या शस्त्रांवरील बंधने मात्र सैल ठेवली. शिवाय मुळात आग लावण्यासाठी बनवलेले शस्त्र तेवढेच दाहक मानले. परिणामी धुरासाठी किंवा उजेडासाठी म्हणून वापरला जाणारा पांढरा फॉस्फरस व्याख्येबाहेर राहिला. २००४ मध्ये इराकमधील फलुजात आणि २००८-०९ मध्ये गाझात त्याचा वापर झाला. अमेरिकेने २००९ मध्ये हा मसुदा स्वीकारला तोही, आगीने कमी नागरिक मरतील असे वाटल्यास ती वापरण्याची मुभा स्वतःकडे राखून. शाळेच्या खोलीत डोक्यापासून पायापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेली सेइताची आई, पट्ट्यांतून झिरपणारे रक्त, त्यावर बसणाऱ्या माश्या, हे ज्याने पाहिले त्याला शस्त्र मुळात कशासाठी बनवले होते हा प्रश्न सुचणारच नाही. सेइता बाहेर येतो. वाळूत बसून रडणाऱ्या बहिणीला तो काहीच सांगत नाही. शाळेच्या मैदानातील आडव्या दांड्यावर चढून कोलांट्या मारू लागतो. एक, दुसरी, तिसरी. ती मान वर करत नाही.

चित्रपटाच्या अखेरीस रात्रीच्या टेकडीवरील बाकावर दोन्ही मुले बसलेली दिसतात. ती आता छाया आहेत, अंगावर जुनेच कपडे आहेत, जखमा मात्र नाहीत. सेत्सुको भावाच्या मांडीवर झोपी जाते. भोवती काजवे फिरत असतात. सेइता मान वळवतो आणि क्षणभर सरळ आपल्याकडे, प्रेक्षकांकडे, पाहतो. त्या नजरेत दोष नाही, विनवणीही नाही. मग तो खाली पाहू लागतो. खाली पसरले आहे आजचे कोबे. उंच इमारती, आणि त्यांच्या प्रत्येक खिडकीत एकेक दिवा.